जाळी विरघळल्यावर नस कोण धरणार?

हृदयाच्या नसेत जाळी, म्हणजे स्टेंट, बसवून नुकतेच घरी आला असाल, आणि डॉक्टर म्हणाले असतील की ही जाळी पुढे आपोआप विरघळून जाईल, तर जरा माझ्यापाशी बसा. बाकीचे बसले तरी चालेल. मी डॉक्टर नाही, नर्स नाही. चौलच्या एका नारळ-सुपारीच्या वाडीत आयुष्य काढलेली बाई आहे. औषधांची नावं मला अजून धड घेता येत नाहीत. पण भीती कशी असते, कुठून शिरते आणि ती अंगावर असताना माणूस काय काय वेड्यासारखं करतो, ते मी सांगू शकते. मला हे आधी कुणी सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं, असं पुष्कळदा वाटलं. म्हणून लिहायला बसले.

त्या दिवशी

सकाळची न्याहारी आटोपून मी अंगणात सुपारी सोलत बसले होते. ऊन चांगलं होतं. छातीवर कुणीतरी पाटा आणून ठेवल्यासारखं झालं. दुखलं म्हणावं तर दुखलं नाही, नुसतं दडपलं. मग जबड्यात ओढ लागली. मला वाटलं दाढ. मग वाटलं पित्त. आत जाऊन ओवा चावला, वर लिंबूपाणी प्यायले, आणि पुन्हा येऊन विळीवर बसले. अर्धी सुपारी सोललेली टाकून उठायचं कसं, हा आमच्या बायकांचा रोग दुसऱ्या कुठल्याही रोगाच्या आधीचा आहे.

तेवढ्यात फाटकातून यमुना आली. ही रेवदंड्याची कोळीण, टोपली घेऊन आमच्या आळीत रोज येते. माझ्या लेकीच्या वयाची असेल, पण बोलण्यात माझी सासू.

"आत्ये, तुजा तोंड असा पांढरा का पडलाय गो?"

"काही नाही गं, पित्त आहे. बोंबील कसे दिलेस?"

"बोंबील मेले खड्ड्यात! घाम बघ केवढा सुटलाय तुला!"

मी पदर लावला कपाळाला, तर पदर ओला झाला. म्हटलं, महेशला, माझ्या मुलाला, फोन करते. तो खारघरला असतो, हे गेल्यापासून वाडीत मी एकटीच. रविवारी यायचाच आहे, तेव्हा दाखवू डॉक्टरला.

"रयवारपरेंत तू ऱ्हाशील तवा ना!" असं म्हणून ती रस्त्यावर पळाली आणि रिक्षा घेऊनच आली. मला आत ढकललं, माझ्या पायाशी माशांची टोपली ठेवली, आणि अलिबागपर्यंत माझ्या गालावर चापट्या मारत राहिली. "डोले मिटू नुको. बोल माज्याशी. शिव्या दे पायजे तर." मी शिव्या दिल्या. हॉस्पिटलच्या दारात वॉचमन म्हणाला, मावरं आत न्यायचं नाही. यमुना म्हणाली, "टोपली भायेर ऱ्हाईल, पन मी आत जानार." आणि गेली.

छातीला तारा लावून ईसीजीची पट्टी काढली. ती बघून तिथला तरुण डॉक्टर म्हणाला, "मावशी, हा हार्ट अटॅक आहे."

मी म्हटलं, "अहो, पण मी चालत आले ना."

त्यानं माझा हात हातात घेतला आणि सुई टोचली. डॉक्टरनं काहीही न बोलता हात धरला की समजायचं, प्रकरण आपल्या समजुतीपेक्षा मोठं आहे. मग ॲम्ब्युलन्स. वडखळच्या खड्ड्यांतून नवी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात. दारात महेश उभा होता, गळ्यात ऑफिसचं ओळखपत्र तसंच. मला बघून त्यानं ते उगीचच काढून खिशात घातलं, पुन्हा गळ्यात घातलं. तो घाबरलाय हे मला त्यावरून कळलं, आणि मी घाबरले ते तेव्हा. तोवर मला वेळच नव्हता.

साखरेची जाळी

माझी एक नस बंद पडली होती. ती फुग्यानं उघडून आत जाळी बसवली. हातातून तार घालतात, आपण जागेच असतो, दुखत नाही म्हणतात आणि फारसं दुखतही नाही. जाळी बसवायच्या आधी डॉक्टरांनी महेशला विचारलं होतं, की धातूची कायमची बसवू की विरघळणारी? माझी नस तशी बरी होती आणि विरघळणारी तिथे बसण्यासारखी होती. डॉक्टर म्हणाले, नसेला थोडे दिवस आधार हवा असतो, ती भरून आली की आधाराचं काम संपतं, मग आत परकी वस्तू कशाला ठेवायची? महेशला पटलं. मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तरी मी म्हणाले असते, महेशला विचारा.

आयसीयूतून वॉर्डात आणलं तेव्हा पडद्यापलीकडे उरणकडचे एक नाना होते. ट्रेलरचा धंदा, आवाज असा की पडदा हलायचा. त्यांना सगळी चौकशी.

"कंची बशिवली तुमाला?"

म्हटलं, विरघळणारी आहे म्हणतात.

"इरघलनारी? साकरंची बशिवली का काय?" आणि हसले. हसताना खोकला आला, खोकताना छाती दुखली, म्हणून स्वतःलाच शिवी दिली. "माज्या तीन हायेत. तीनी लोकंडाच्या. उद्या मेलो तरी भंगारवाला इचारल मला."

मीही हसले. अटॅकनंतरचं पहिलं हसू ते. मग नाना म्हणाले, "पन बाय, इरघलल्यावर मंग नस कोन धरल?"

त्यांनी सहज विचारलं आणि झोपून गेले, घोरायला लागले. माझी मात्र झोप गेली. खरंच की. जाळी विरघळली की नस धरणार कोण? मांडवाचा खांब काढला तर मांडव खाली येतो. डॉक्टर दुसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा प्रश्न अगदी ओठांवर होता. पण त्यांच्याबरोबर पाच-सहा जण, सगळे घाईत, सगळे इंग्रजीत. मला वाटलं, एवढ्या शिकलेल्या माणसांनी बसवली आहे, त्यांना एवढं कळत नसेल का? आपण विचारलं तर हसतील. मी म्हटलं, बरं आहे. ते म्हणाले, गुड. आणि गेले.

तेव्हाच विचारलं असतं तर पुढची दोन वर्षं सुखात गेली असती.

हॉस्पिटलातलं बाकी काय सांगू? अळणी वरण, फोडणी न घातलेला दुधी. शेजारच्या खाटेवरचं यंत्र वाजलं की आपल्याच छातीत धडधड. सगळ्यात चांगली आठवण माझ्या सुनेची, अर्चनाची. ती ठाण्याची, बोलायला मोजकी, आमचं दोघींचं फार गूळपीठ कधी नव्हतं. ती एका दुपारी तेलाची बाटली घेऊन आली आणि माझे गुंतलेले केस सोडवून घट्ट वेणी घातली. डोकं हलकं झालं. इतक्या लोकांनी इतके दिवस मला हात लावला होता, पण तो सुया टोचायला. वेणी घालायला म्हणून लागलेला हा पहिला हात.

खडीसाखर

घरी आले आणि भेटायला माणसं यायला लागली. नारळ घेऊन येत, बिस्किटांचे पुडे घेऊन येत, आणि हमखास एक गोष्ट घेऊन येत. "आमच्या मामेसासऱ्यांनापण अश्शीच बसवली होती हो. छान बरे झाले होते. जेवायला बसले, आमटी वाढा म्हणाले, आणि..." मी त्यांना चहा द्यायचा आणि त्यांनी मला हे सांगायचं. एकदा मी म्हटलं, "आमटी कसली होती?" तर वाईट वाटलं त्यांना. तुम्ही कुणाला भेटायला गेलात तर कृपा करून गोष्टी फाटकाबाहेर ठेवून जा.

रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या सुरू होत्या. त्यानं अंगावर कुठेही नुसतं लागलं तरी काळंनिळं उठायचं. विळीचा जरासा चरा गेला तर रक्त थांबता थांबायचं नाही. मग यमुना मासळी साफ करूनच द्यायला लागली. "तू हात लावू नुको, बसून बघ नुसती," म्हणायची. बसून बघणं हे सर्वांत अवघड काम.

आणि आत ती जाळी विरघळत होती. पीठ मळताना मनात यायचं, आता किती उरली असेल? अंघोळीला बसले की हातातला साबण दिसायचा, रोज बारीक होणारा. ढेकर आली की मी थांबायचे, की ही ढेकरच ना? मानेवर बोट ठेवून ठोके बघायची सवय लागली. एकदा तर, सांगायला लाज वाटते, वाटीत पाणी घेतलं, त्यात खडीसाखरेचा खडा टाकला आणि स्वयंपाकघरात ती वाटी समोर ठेवून बघत बसले. आधी कोपरे गेले. मग मधूनच तडा गेला. शेवटी नुसतं पाणी. बघितलं काय आणि मिळवलं काय? घाम फुटला तेवढा. तसं काही करू नका. जाळी साखरेची नसते आणि नस म्हणजे वाटी नव्हे, हे मला आता माहीत आहे.

महेशचं वेगळंच चालू होतं. तो रोज सकाळी फोन करायचा. एकदा पंपाच्या आवाजात मला फोन ऐकू आला नाही, तर त्यानं यमुनाला लावला. ती बाजारातली टोपली कुणाच्या तरी भरवशावर टाकून धावत आली, आणि मी पोफळीच्या बुंध्याशी आळं करत बसलेली बघून तिनं मला जे काही ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही.

त्या रविवारी महेश आला आणि म्हणाला, "आई, हे असं नाही चालणार. वाडी चालवायला देऊ. पर्यटकांसाठी कॉटेजं बांधणारे विचारतायत. तू खारघरला चल."

"आणि तिथे काय करू?"

"काय करू म्हणजे? राहा. माणसं राहतात."

"चौथ्या मजल्यावर."

"लिफ्ट आहे."

"लिफ्ट आहे ते माहीत आहे मला. खाली उतरून जायचं कुठे, ते सांग."

असं बोलता बोलता आवाज चढले. अर्चना मध्ये पडली. ती म्हणाली, "आई, तुम्हाला तिकडे करमणार नाही हे मला कळतं. पण रात्री-अपरात्री ह्यांचा फोन वाजला की ह्यांच्या आधी मी उठून बसते, ते मी कुणाला सांगू?" तिचं खरं होतं.

शेवटी असं ठरलं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं, की साधारण दोन वर्षांनी नसेच्या आतून फोटो घेऊन बघू, जाळी कशी विरते आहे आणि नस कशी भरली आहे. त्या फोटोत सगळं नीट निघालं तर मी वाडीत राहायचं. नाही निघालं तर मुकाट्यानं खारघरला. मी हो म्हटलं. म्हणजे माझं घर आता त्या एका फोटोवर टांगलेलं.

आतला फोटो

तो दिवस आला. उपाशीपोटी नेलं, हिरवे कपडे घातले, त्या गार खोलीत आडवं केलं. तिथे इतकं गार का ठेवतात देव जाणे. भीतीनं कापतंय माणूस की थंडीनं, कुणालाच कळू नये म्हणून असेल. डॉक्टर तेच होते. त्यांनी समजावलं, की मनगटातून केसासारखी तार जाणार, तिच्या टोकाला बारीक उजेड आहे, तो उजेड नसेच्या भिंतीवर फिरून आतला फोटो काढणार. काही सेकंदांचं काम. महेशला त्यांनी काचेपलीकडच्या खोलीत बसू दिलं होतं.

"आता छातीत गरम वाटेल. हलू नका."

गरम वाटलं. कुणी आतून कढत पाणी ओतल्यासारखं. मी मान वळवली, तर समोर पडद्यावर माझी नस. आडवी कापून दाखवल्यासारखी, गोल, तपकिरी, पिवळट, कडेला फिकट नक्षी.

आता तुम्हाला एक सांगायला हवं. सुपारी घ्यायला व्यापारी येतो तेव्हा तो पोत्यात हात घालून मूठभर सुपारी काढतो आणि अडकित्त्यानं फोडून बघतो. आम्हीही पोतं शिवायच्या आधी तेच करतो. बाहेरून सुपारी किती का देखणी असेना, फोडल्यावर आत पांढरी नक्षी स्वच्छ दिसली पाहिजे. काळा ठिपका दिसला की कीड. एक पोखरलेली निघाली की दुसरी फोडायची, तीही तशीच निघाली की पोतं बाजूला. आमच्या घरी हे काम माझ्याकडे. लग्न होऊन आल्यापासून किती सुपाऱ्या अशा फोडून बघितल्या असतील, त्याला हिशेब नाही.

तर त्या पडद्यावर मला सुपारी दिसली. फोडलेली. आणि तिच्या कडेनं काळे ठिपके. एक दिसला, दुसरा दिसला. फोटो पुढे सरकत होता, मधेच स्वच्छ, मग पुन्हा ठिपके. पोखरलेली.

डॉक्टर पडद्याकडे बघत होते. शेजारच्या डॉक्टरला इंग्रजीत काहीतरी म्हणाले, बोटानं एक जागा दाखवली. मी विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात एक सिस्टर धावत आली, बाहेर कुणी तरुण मुलगा अटॅक घेऊन आला होता. डॉक्टर म्हणाले, "मावशी, नंतर बोलू हं," आणि माझ्या खांद्याला हात लावून गेले.

त्यांनी खांद्याला हात लावला, आणि मी समजायचं ते समजले.

उलटं भांडण

मला खाटेवर आणून ठेवलं. मनगटाला हवा भरलेला घट्ट पट्टा. हात हलवायचा नाही. खिडकीतून समोरच्या इमारतीची गच्ची दिसत होती, कुणीतरी चादरी वाळत घातल्या होत्या. मी त्या चादरींकडे बघत मनातल्या मनात वाडी रिकामी केली. भांडी कुणाला, देव कुठे, आंब्याचं झाड कॉटेजवाले तोडतील की ठेवतील. रडू आलं नाही. नुसतं सगळं कोरडं पडलं. मग एकच विचार राहिला, की आता ह्या दोघांना जास्त त्रास द्यायचा नाही.

महेश आला. चेहरा पडलेला. स्टुलावर बसला आणि माझ्या चादरीची घडी सारखी करायला लागला.

"आई, मी विचार करत होतो. तू वाडीतच राहा."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, "नको. मी येते खारघरला."

"अगं पण तुला तिथे करमणार नाही."

"करमेल. लिफ्ट आहे."

"आई, मी सांगतोय ना, राहा वाडीत. मी येत जाईन दर शनिवारी."

"आणि मी सांगतेय ना, देऊन टाक वाडी. तुला नीट झोप तरी लागेल."

"मला लागते झोप!"

"डोळे बघ आरशात."

"तुला काही सांगायची सोयच नाही!" तो उठून खिडकीशी गेला.

"दोन वर्षं तू ये ये म्हणून जीव खाल्लास, आता येते म्हणतेय तर नको?"

अर्चना दारात चहा घेऊन उभी होती. तिनं आमच्याकडे आळीपाळीनं बघितलं. "तुमचं दोघांचं काय चाललंय? जे तुम्ही म्हणायचे ते आई म्हणतायत, आणि आईंचं तुम्ही म्हणताय."

महेश पाठमोरा. त्याची मान त्याच्या वडिलांसारखी आहे, घाबरला की खांद्यात जाते. ती मान बघून माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. मी म्हटलं, "महेश. तूपण बघितलंस ना?"

"काय?"

"काळे ठिपके."

तो वळला. "तुला दिसले?"

"मला नाही दिसणार तर कुणाला?"

तो पुन्हा स्टुलावर येऊन बसला आणि अगदी हळू म्हणाला, "पोखरल्यासारखी वाटली ना गं?"

मी मान हलवली. आणि मग हा माझा चाळिशी उलटलेला मुलगा माझ्या पट्टा नसलेल्या हातावर कपाळ टेकवून रडला. त्यालाही वाटलं होतं, की आई आता थोड्या दिवसांची. मग निदान तिला हवं तिथे राहू दे. आणि मला वाटलं होतं, की आपण थोड्या दिवसांच्या. मग निदान ह्यांना सोपं जावं. अर्चना चहाचे कप धरून तशीच उभी. "ठिपके कसले? डॉक्टर काही म्हणाले का?" ती विचारत राहिली, आणि आम्ही दोघं सुपारीतलं कळणारी माणसं तिला सांगत राहिलो, की आता डॉक्टर काय म्हणणार?

डॉक्टर आले

दुपार कलल्यावर डॉक्टर आले. तो तरुण मुलगा वाचला, ते आल्या आल्या म्हणाले. बरं वाटलं. मग आमची तोंडं बघून म्हणाले, "काय झालं?"

अर्चनानंच सांगितलं. हे दोघं कुठल्या तरी ठिपक्यांवरून सकाळपासून रडतायत, म्हणाली.

डॉक्टर आधी गोंधळले, मग त्यांना हसू आलं, पण चांगलं हसू. "अहो मावशी, ते ठिपके म्हणजेच तुमची जाळी! ह्या उजेडात जाळीच्या काड्या काळ्याच दिसतात. काही अजून आहेत, काही जाऊन नुसती त्यांची जागा राहिली आहे. पहिल्या दिवशी तर नुसतेच काळे ठिपके होते." त्यांनी मोबाइलवर फोटो मोठा करून माझ्यासमोर धरला. "ठिपके नका बघू. त्यांच्यावर काय आहे ते बघा."

चष्मा लावून बघितलं. ठिपक्यांच्या वरून एक फिकट, गुळगुळीत पट्टी गेली होती. सलग.

"दुधावर साय धरते ना, तशी नसेनं जाळीवर साय धरली आहे. आम्ही तीच बघत होतो."

आणि मग मी विचारलं. दोन वर्षं पोटात ठेवलेलं, नानांनी झोपायच्या आधी सहज टाकलेलं. "डॉक्टर, पण जाळी पूर्ण विरघळल्यावर नस कोण धरणार?"

ते हसले नाहीत. फोटो पुढे सरकवला. "ही जागा बघा. इथे ठिपके नाहीत म्हणण्याइतके कमी झालेत. नस बसली का? नाही. तेवढीच मोकळी आहे. नसेला धरून ठेवायला कुणी लागत नाही, मावशी. जखम भरेपर्यंत लागत होतं. ती भरली की नस आपली आपण उभी राहते."

मी ती जागा पुन्हा पुन्हा बघितली. गोल होती. नुसती गोल, मोकळी.

सगळंच छान निघालं, असं मी सांगणार नाही. एका कडेला साय अजून पातळ आहे, तिथेच त्यांनी बोट दाखवलं होतं. म्हणून दोनपैकी एक गोळी सुटली, एक चालू राहिली, आणि पुढे लागलं तर पुन्हा बघू, असं म्हणाले. म्हणजे भीती संपली नाही. ती पाव हिश्शावर आली म्हणा. अजून ढेकर आली की मी थांबते. पण थांबून पुढे जाते.

डॉक्टर गेल्यावर महेश आणि मी एकमेकांकडे बघेना. मग तोच म्हणाला, "मी मघाशी बोललो ते घाबरून बोललो."

"मीपण."

"मग आता काय धरायचं?"

अर्चना थंड झालेला चहा ओतून यायला निघाली होती. ती वळून म्हणाली, "मघाचं दोघांचंही विसरा. फोटो बरा निघालाय, तर आधी ठरलं होतं तेच. आई चौलला जातील. आणि फोन ह्यांना नाही, मला करतील. ह्यांना फोन केला की हे मला उठवतात, त्यापेक्षा थेट मलाच उठवा." मी हो म्हटलं. तेव्हापासून रोज सकाळी मी तिलाच फोन करते. आम्ही दोघी आता बऱ्याच बोलतो.

तुमच्याही मनात असा एखादा प्रश्न असेल. कुणी तरी सहज टाकलेला, विचारायला लाज वाटणारा. तो विचारा. डॉक्टर घाईत असतील तर त्यांच्या मागे दारापर्यंत जा आणि विचारा. आणि पडद्यावर काय दिसतं ते आपल्या धंद्याच्या डोळ्यांनी वाचू नका. त्या डोळ्यांनी मला आयुष्यभर भाकरी दिली, पण त्या दिवशी मला आणि माझ्या मुलाला जिवंतपणी मारलं त्यांनीच.

दुसऱ्या दिवशी सोडलं. महेश मला गाडी करून घरी घेऊन आला. जेवलो. त्याला दुपारच्या एसटीनं परत जायचं होतं, पण तो काही निघेना. पंप बघून आला, गॅस बघून आला, यमुनाचा नंबर भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहिला, मग तो सरळ नाही आला म्हणून पुसून पुन्हा लिहिला. मी पडवीतल्या खाटेवर जरा आडवी झाले, डोळे मिटले. झोप नव्हती लागली.

तो खांद्याला पिशवी अडकवून आला. खाटेशी उभा राहिला. मग वाकला, आणि माझ्या नाकाखाली त्यानं बोट धरलं. श्वास चालू आहे ना, ते बघायला. तो पाळण्यात होता तेव्हा मी अशीच वाकायचे.

डोळे उघडले असते तर ओशाळला असता, आणि त्या निमित्तानं राहिलाही असता. अर्चना तिकडे वाट बघत होती. म्हणून मी डोळे मिटूनच ठेवले आणि मुद्दाम मोठ्यानं श्वास घ्यायला लागले, चांगला घोरल्यासारखा, त्याला नीट ऐकू जाईल असा. बोट जरा वेळ तसंच होतं. मग बाजूला झालं. चपलांचा आवाज अंगणातून गेला. फाटकाची कडी लागल्याचं ऐकू आलं, तेव्हा कुठे मी श्वास हळू केला.